नाटकाची बोट आणि गुन्ह्याचा शोध

रहस्यकथेला आपल्याकडे साहित्याच्या पंगतीत पाट मिळालेला नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड भाडोत्री वाचनालयांतून असंख्य वाचकांच्या हाती गेले, पण समीक्षेने त्यांची दखल घेतली नाही. चळवळीतला कार्यकर्ताही अशा पुस्तकाकडे वेळ घालवण्याचे साधन म्हणूनच पाहतो. ही दृष्टी सर्वस्वी चुकीची आहे असे मला म्हणायचे नाही. तरीही प्रस्तुत लेखात रहस्यकथेच्या एका छोट्याशा शाखेचा विचार करायचा आहे. अमेरिकेतल्या ओहायो आणि मिसिसिपी या नद्यांवर एकोणिसाव्या शतकात नाटकाच्या बोटी फिरत. या बोटी आणि या नद्या यांच्याभोवती रचलेली ऐतिहासिक रहस्यप्रधान कादंबरी हा तो विषय. गुन्हा म्हणजे काय, तो कोण ठरवतो, आणि कोणाच्या साक्षीला किंमत असते, हे तीन प्रश्न या कादंबऱ्यांना टाळता येत नाहीत. हे तिन्ही प्रश्न आपलेही आहेत, म्हणून हा विचार.

१

प्रथम ही बोट काय होती ते समजून घेऊ. विल्यम चॅपमन हा इंग्लंडहून आलेला नट. त्याने १८३१ साली पिट्सबर्ग येथे आपल्या कुटुंबासाठी एक तरते नाट्यगृह बांधून घेतले. पिट्सबर्गला दोन नद्या मिळून ओहायो नदी तयार होते आणि ती कैरो या गावापाशी मिसिसिपीला मिळते. चॅपमनचे कुटुंब प्रवाहाबरोबर खाली जायचे, वाटेतल्या गावांच्या काठाला बोट बांधायचे, संध्याकाळी नाटक करायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. शेक्सपिअरपासून प्रहसनापर्यंत सगळे खेळ व्हायचे. रोकड नसलेला शेतकरी बटाटे, फळे किंवा डुकराचे खारवलेले मांस देऊन आत बसू शके. न्यू ऑर्लिन्सला पोहोचल्यावर बोट मोडून लाकूड विकायचे आणि वाफेच्या जहाजाने परत वर जाऊन नवी बोट बांधायची, असा सुरुवातीचा क्रम होता.

पुढे हा धंदा वाढला. १८५१ साली ‘फ्लोटिंग पॅलेस’ नावाची सर्कशीची भव्य बोट तयार झाली. १८५५ साली वाफेवर वाजणाऱ्या ‘कॅलिओपी’ या वाद्याचे पेटंट घेतले गेले, आणि पुढे बोट गावापासून काही मैलांवर असतानाच तिचा आवाज गावात पोहोचू लागला. १८६१ च्या यादवी युद्धाने हे सर्व थांबले. १८७८ साली ऑगस्टस फ्रेंच याने ‘न्यू सेन्सेशन’ ही बोट काढून धंदा पुन्हा उभा केला, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तो चालला. या बोटींबद्दल एक गैरसमज चित्रपटांनी पसरवला आहे. मोठे चाक आणि उंच धुरांडी असलेले जहाज म्हणजे नाटकाची बोट असे आपल्याला वाटते. वास्तविक बहुतेक नाटकाच्या बोटींना स्वतःचे इंजिन नसे. सपाट तराफ्यावर नाट्यगृह बांधलेले असे आणि त्याला मागून एक लहानशी आगबोट ढकलत असे.

रहस्यकथाकाराला अशी जागा का आवडते ते सहज कळण्यासारखे आहे. माणसे मोजकी आणि एकाच छपराखाली राहणारी. प्रत्येकाचा धंदाच सोंग घेण्याचा, त्यामुळे खरे नाव कोणते आणि घेतलेले कोणते याचा भरवसा नाही. रंगपेटी, खोट्या दाढ्या, लाकडी तलवारी आणि क्वचित त्यांत मिसळलेली एखादी खरी. बाहेर पाणी. सकाळी गावाला कळेपर्यंत बोट पुढच्या वळणावर गेलेली. रहस्यासाठी लागणारी सारी सामग्री येथे आयती मिळते.

पण या सर्वांहून मोठी एक गोष्ट आहे. ती म्हणजे खुद्द नदी. ओहायो नदी ही यादवी युद्धापूर्वी दोन कायद्यांमधली सीमारेषा होती. तिच्या दक्षिणेला व्हर्जिनिया आणि केंटकी, तेथे गुलामगिरी कायदेशीर. उत्तरेला ओहायो, इंडियाना, इलिनॉय, तेथे ती निषिद्ध. नाटकाची बोट आज या काठाला, उद्या त्या काठाला लागायची. तोच माणूस या काठावर माणूस आणि त्या काठावर मालमत्ता. येथे पाटाच्या रुंदीइतक्या अंतरावर गुन्ह्याची व्याख्याच उलटी होत होती. गुलामाला पळून जायला मदत करणे हे दक्षिण काठावर चोरीसारखे, आणि उत्तर काठावरही सुरक्षित नव्हते. १७९३ च्या संघराज्याच्या कायद्याने फरारी गुलामाला आसरा देणाऱ्याला पाचशे डॉलर दंड ठेवला होता. १८५० च्या कायद्याने तो एक हजार डॉलर आणि सहा महिने तुरुंगवास इतका वाढवला.

म्हणजे या बोटीवर खून झाला, तर तपास करणाऱ्यासमोर दोन गुन्हे असतात. एक, डेकवर पडलेल्या प्रेताचा. दुसरा, ज्या व्यवस्थेच्या पाण्यावर ती बोट तरंगते त्या व्यवस्थेचा. पहिल्याचा शोध घ्यायला कायदा मदत करतो. दुसऱ्याचे रक्षण तोच कायदा करतो. एखादी कादंबरी यांपैकी किती गुन्हे पाहते, यावर तिची योग्यता ठरते असे माझे म्हणणे आहे.

२

बोटीच्या आत काय होते तेही पाहू. सुमारे १८३० च्या काळात टी. डी. राईस या गोऱ्या नटाने जळालेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्या माणसाची नक्कल करणारा ‘जिम क्रो’ नाच लोकप्रिय केला. १८४३ पासून अशा सोंगांचे पूर्ण लांबीचे खेळ होऊ लागले आणि ते साऱ्या अमेरिकेत, नदीवरही पसरले. आळशी, भित्रा, नाचरा, मालकावर प्रेम करणारा काळा माणूस हे त्यातले ठरीव पात्र. पुढे काळ्यांना वेगळे ठेवणाऱ्या सर्व कायद्यांना याच सोंगाचे नाव मिळाले. एका समाजाला वेगळे काढण्याच्या कायद्याला रंगभूमीवरील विडंबनाचे नाव मिळावे, ही गोष्ट रंगभूमीच्या अभ्यासकांनी विसरता कामा नये.

दक्षिणेतल्या अनेक बोटींवर काळ्या प्रेक्षकांसाठी वरची गॅलरी वेगळी राखलेली असे. म्हणजे तिकीट काढून आलेला काळा माणूस माडीवरून खाली पाहायचा, आणि रंगमंचावर त्याला काय दिसायचे? तोंडाला काजळी फासलेला गोरा माणूस त्याचीच थट्टा करत आहे. बोटीचा बल्लव काळा, सामान उचलणारा काळा, काठावर कापसाचे गठ्ठे लादणारा काळा. त्याच्या श्रमावर नदीचा व्यापार चाले, आणि रंगमंचावर त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली. सोंग आणि खरा माणूस यांचा हा संबंध ज्याला दिसला नाही, त्याने बोटीवरची रहस्यकथा लिहिली तर ती केवळ पोशाखी होते. फिती, पंखे, झुंबरे यांचे वर्णन भरपूर, आणि माणसे नाहीत.

३

नाटकाच्या बोटीची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी एडना फर्बर हिची ‘शो बोट’. ती १९२६ साली प्रसिद्ध झाली. ती लिहिण्याआधी १९२५ मध्ये फर्बरने ‘जेम्स अॅडम्स फ्लोटिंग थिएटर’ या नॉर्थ कॅरोलायनातल्या बोटीवर काही दिवस राहून माहिती गोळा केली होती. कथानक मात्र तिने मिसिसिपीवर नेले. ही रहस्यकथा म्हणून लिहिलेली नाही. तरीही तिच्यातला एक प्रसंग कोणत्याही तपासकथेला मागे टाकील असा आहे.

बोटीची नायिका ज्युली आणि तिचा नवरा स्टीव्ह हे लोकांच्या आवडीचे जोडपे. मिसिसिपी राज्यातल्या एका गावी कोणीतरी शेरीफला खबर देतो की ज्युलीच्या अंगात काळे रक्त आहे. गोरा पुरुष आणि काळी स्त्री यांचे लग्न त्या राज्यात गुन्हा. शेरीफ बोटीवर येतो. तो येण्याआधी स्टीव्ह चाकूने ज्युलीचे बोट कापतो आणि तिचे रक्त चोखून गिळतो. मग शेरीफला सांगतो की माझ्याही अंगात काळे रक्त आहे. भोवतीचे लोक तशी ग्वाही देतात. अटक टळते, पण दोघांनाही बोट सोडावी लागते.

हा प्रसंग रहस्यकथेच्या भाषेत मांडून पाहा. फिर्याद आहे, खबऱ्या आहे, पोलीस अधिकारी आहे, संशयित आहेत, पुरावा आहे, साक्षीदार आहेत. नाही तो फक्त गुन्हा. दोन माणसांनी लग्न केले आहे, एवढेच घडले आहे. आणि पुरावा कोणता? कोणत्याही भिंगातून न दिसणारा रक्ताचा एक थेंब. जो डोळ्यांना दिसत नाही, ज्याची चाचणी होत नाही, त्याच्यावर माणसाचे सारे आयुष्य तोलले जाते. हे वाचताना मराठी वाचकाला वेगळे काही सांगावे लागू नये. जन्मावरून ठरणारी, दिसत नसूनही सर्वांना ‘ठाऊक’ असलेली, आडनाव विचारून हुडकली जाणारी गोष्ट आपल्या परिचयाची आहे. असे विवाह गुन्हा ठरवणारे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द ठरवले.

या कादंबरीवरून १९२७ साली न्यूयॉर्कला संगीत नाटक आले. वंशभेदाचा प्रश्न त्या व्यावसायिक रंगमंचावर इतक्या उघडपणे आला, हे त्याचे श्रेय. परंतु त्याच प्रयोगात क्वीनी या काळ्या स्वयंपाकिणीचे काम टेस गार्डेला या गोऱ्या नटीने तोंडाला काळा रंग लावून केले, आणि समूहगीतात काळ्यांसाठी शिवीसारखा शब्द होता. पुढे पॉल रोब्सन यांनी त्यातले नदीचे गाणे जगभर पोहोचवले. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी आपल्या मैफलींत त्या गाण्याचे शब्द बदलले. दुःख सोसत राहणाऱ्या माणसाचे गाणे त्यांनी झुंजणाऱ्या माणसाचे केले. दुसऱ्याने आपल्यासाठी लिहिलेला संवाद नटाने नाकारला, याचे हे मोठे उदाहरण आहे.

४

आता अलीकडच्या दोन लेखिका घेऊ. मार्था कॉनवे यांची ‘द अंडरग्राउंड रिव्हर’ ही २०१७ ची कादंबरी १८३८ सालात घडते. त्या वर्षी सिनसिनाटीजवळ ‘मोझेल’ या आगबोटीचा स्फोट झाला, ही इतिहासातली घटना आहे. त्यातून वाचलेली मे बेडलो ही शिवणकाम करणारी गोरी मुलगी एका नाटकाच्या बोटीवर कपडेपट सांभाळू लागते. गुलामगिरीविरोधी कार्य करणारी एक श्रीमंत बाई तिला दिलेल्या पैशांची परतफेड वेगळ्या प्रकारे मागते. नदीच्या दक्षिण काठावरून गुलाम मातांची मुले गुपचूप उत्तरेला न्यायची. रहस्य येथे खुनाचे नाही. पकडले जाण्याचे भय हेच रहस्य. आणि वाचक कायदा मोडणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो. ही या कादंबरीची कमाई. मर्यादा अशी की केंद्रस्थानी मेची घालमेल आहे. जिने आपले मूल काळोखात दुसऱ्याच्या हाती दिले त्या आईच्या मनात काय चालले होते, तिकडे कथेचा दिवा फार वेळ थांबत नाही.

बार्बरा हॅम्बली यांनी १९९७ पासून बेंजामिन जानेवारी या नायकाच्या रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. जानेवारी हा १८३० च्या दशकातल्या न्यू ऑर्लिन्समधला स्वतंत्र काळा माणूस. पॅरिसमध्ये शस्त्रवैद्यक शिकून आलेला, पण पोट भरतो ते गोऱ्यांच्या मेजवान्यांत पियानो वाजवून. ‘डाय अपॉन अ किस’ ही कादंबरी ऑपेराच्या रंगमंचाभोवती फिरते, आणि तेथे ‘ऑथेल्लो’चे कथानक रंगवायला घेतल्यानेच शहर अस्वस्थ झाले आहे. ‘डेड वॉटर’ ही मिसिसिपीवरच्या आगबोटीवर घडते. तिच्यात जानेवारीला तपासासाठी आपल्याच गोऱ्या मित्राचा गुलाम असल्याचे सोंग घ्यावे लागते.

या सोंगात साऱ्या विषयाचे सार आहे. इतर गुप्तहेर वेष बदलतात ते करमणुकीसाठी. या माणसाला वेष बदलणे म्हणजे व्यवस्थेने त्याच्यासाठी तयार ठेवलेल्या पिंजऱ्यात स्वतःहून शिरणे आहे. स्वातंत्र्याचा कागद हरवला, कोणी फाडला, तर सोंगच खरे ठरेल आणि तो बाजारात विकला जाईल. त्याला गोऱ्या माणसाला उलट प्रश्न विचारता येत नाही. बहुतेक गुलामी राज्यांत गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष न्यायालयात ग्राह्यच नव्हती. शेरलॉक होम्स सत्य सांगतो आणि पोलीस ऐकतात. येथे सत्य शोधणे हे निम्मेच काम आहे. ते ज्याच्या तोंडून ऐकले जाईल असा गोरा माणूस शोधणे हे उरलेले निम्मे. हॅम्बली स्वतः गोऱ्या आहेत, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे. त्यांनी अभ्यासाने आणि सहानुभूतीने लिहिले आहे. पण सहानुभूती आणि स्वानुभव यांतील अंतर आपल्या साहित्यचर्चेला नवे नाही.

काळ्या लेखकांनी हा प्रकार स्वतः हाताळला नाही असे मात्र समजू नये. पॉलिन हॉपकिन्स यांची ‘हेगर्स डॉटर’ ही कादंबरी १९०१-०२ मध्ये ‘कलर्ड अमेरिकन मॅगझीन’मध्ये क्रमशः आली. तीत एक काळी मोलकरीण मुलाचा वेष घेऊन तपास करते. रुडॉल्फ फिशर या डॉक्टर लेखकाने १९३२ साली ‘द कॉन्ज्युअर-मॅन डाइज’ लिहिली, आणि तिच्यातले तपास करणारे आणि संशयित सारे हार्लेममधले काळे लोक आहेत. ज्याच्याकडे सदैव संशयित म्हणून पाहिले गेले, त्याच्या हाती तपास आला. हा बदल केवळ कथानकातला नव्हता.

५

शेवटी नदीकाठच्या एका जुन्या कादंबरीकडे वळले पाहिजे, कारण या प्रश्नाचे टोक तिच्यात दिसते. मार्क ट्वेन यांची ‘पडनहेड विल्सन’ ही कादंबरी १८९४ साली पुस्तकरूपाने आली. कथा मिसिसिपीकाठच्या एका गावात, यादवी युद्धापूर्वी घडते. रॉक्सी ही गुलाम स्त्री दिसायला गोरी. सोळा भागांतला एक भाग काळा, म्हणून कायद्याने काळी. आपले मूल ‘नदीखाली’, म्हणजे दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांवर विकले जाईल या भीतीने ती मालकाचे आणि आपले मूल पाळण्यात बदलते. गुलामाचे मूल मालक होऊन वाढते, मालकाचे मूल गुलाम होऊन. पुढे मालक म्हणून वाढलेला टॉम कर्ज फेडण्यासाठी स्वतःच्या आईला नदीखाली विकतो आणि चोरी करताना न्यायाधीश ड्रिस्कॉल यांचा खून करतो. विल्सन हा वकील काचेवर लोकांच्या बोटांचे ठसे जमवण्याचा छंदिष्ट. भर न्यायालयात तो ठशांवरून खुनी कोण आणि त्याचा जन्म कोणता, दोन्ही सिद्ध करतो.

रहस्यकथा येथे संपायला हवी होती. ट्वेन यांनी पुढे एक पाऊल टाकले आहे. टॉमला जन्मठेप होते. तेव्हा मूळ मालकाचे सावकार उभे राहतात. हा गुलाम म्हणजे आमची मालमत्ता, आणि किमती मालमत्ता तुरुंगात ठेवणे म्हणजे आमचे नुकसान, असा त्यांचा दावा. सरकारला तो पटतो. टॉमला माफी मिळते आणि लगेच नदीखाली विकले जाते. खऱ्या वारसाला घर, संपत्ती परत मिळते. पण त्याला लिहिता-वाचता येत नाही, त्याची बोली गुलामांची, आणि गोऱ्यांच्या दिवाणखान्यात त्याला बसवत नाही. शास्त्र जिंकले, सत्य बाहेर आले, आणि न्याय म्हणून जे मिळाले ते गुलामांचा बाजार. पहिला गुन्हा सोडवताना दुसरा गुन्हा अधिक पक्का झाला.

बोटाच्या ठशाची ही गोष्ट अमेरिकेपुरती राहत नाही. ठशांचा प्रशासकीय उपयोग विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ पासून बंगालमध्ये सुरू केला. १८९७ साली कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली, आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी तेथे वर्गीकरणाची पद्धत उभारण्यात मोठा वाटा उचलला. त्यानंतर १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या जमातींच्या माणसांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार सरकारला दिला. गुन्हा घडल्यावर ठसा घेणे ही एक गोष्ट. जन्म हाच गुन्हा धरून ठसा घेणे ही दुसरी. १८७१ मध्ये सुरू झालेली ही कायद्याची परंपरा १९५२ साली संपली. पण सोलापूरच्या सेटलमेंटसारख्या तारांच्या कुंपणात वाढलेल्या पिढ्यांच्या कपाळावरचा शिक्का तेवढ्याने पुसला गेला नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने वाचली की कळते, संशयिताच्या बाजूने लिहिलेली तपासकथा कशी असते.

६

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली ड्यू बॉईस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या निवेदनाची प्रत मागितली. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी काळ्यांच्या साहित्याची मराठीत ओळख करून दिली. तेव्हा त्या नदीकडे पाहण्याचा आपला अधिकार जुना आहे. आपण तिच्याकडे पाहतो ते करमणुकीच्या बाजूनेही पाहावे, कारण विषमता जेवढी कायद्याच्या पुस्तकात टिकते तेवढीच ती खेळात, गाण्यात आणि हसण्यात टिकते.

वर्गात किंवा अभ्यासमंडळात अशी कादंबरी वाचायला घेणाऱ्यांनी काही साधे प्रश्न हाताशी ठेवावेत. मेला कोण, आणि ज्यांच्या मरणाची कोणी चौकशीच केली नाही असे या कथेत किती आहेत? तपास करणाऱ्याला कोणत्या दारातून आत जाता येते आणि कोणत्या दारातून नाही? कोणाची साक्ष कागदावर चढते? गुन्हेगार सापडल्यावर बोट पुढे जाते, तेव्हा गॅलरीत बसलेली माणसे कोठे असतात?

आपल्याकडे नाटकाची बोट नव्हती. बैलगाडीवर पेटारे लादून यात्रेयात्रेला जाणारा तमाशाचा फड होता. त्यात नाचणारी, गाणारी, ढोलकी वाजवणारी माणसे बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी समाजांतली. रात्री त्यांच्यावर दौलतजादा होई, आणि सकाळी त्याच गावात पाणी मागताना त्यांना जात सांगावी लागे. त्या फडातल्या एखाद्या मृत्यूची चौकशी करणारी मराठी ऐतिहासिक कादंबरी कोणीतरी लिहायला हवी. तिच्यात तपास करणारा कोण असेल, आणि पाटलाच्या चावडीवर त्याचे म्हणणे कोण ऐकून घेईल, हे लेखकाला पहिल्या पानाआधीच ठरवावे लागेल.